भाऊजींच्या चिठ्ठ्या

माझ्या मोठ्या बहिणीचे यजमान गोंदियाच्या एका राइस मिलमध्ये तांदळाचे नमुने पाहायचे. पोत्यात परखीची टोकदार नळी खुपसून मूठभर तांदूळ काढायचा, काळ्या ताटलीत पसरायचा आणि कणी किती, पिवळा दाणा किती, ते नुसत्या नजरेनं सांगायचं. मिलमध्ये पुढे मशीन आलं, पण मालकाचा मशीनपेक्षा भाऊजींवर जास्त भरवसा होता. तीस वर्षं त्यांनी हेच काम केलं.

मी सालेकसा तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. लग्न केलं नाही. शाळेजवळच एका घराच्या वरच्या दोन खोल्यांत भाड्यानं राहते. बहीण माझ्याहून बारा वर्षांनी मोठी. आम्ही तिला बाई म्हणतो. आई लवकर गेल्यामुळे तिनंच मला वाढवलं, आणि माझ्या डी.एड.चा खर्च भाऊजींनी केला. हे आधीच सांगते, कारण पुढे मी जे केलं त्याची मुळं इथेच आहेत.

ताऱ्यांचा नाद त्यांना मीच लावला. शिक्षकांच्या एका प्रशिक्षणात आम्हाला अल्गोल नावाच्या ताऱ्याविषयी सांगितलं होतं. तो एक तारा नाही, जोडी आहे. एक लखलखीत, एक मंद, आणि दोघं एकमेकांभोवती फिरतात. मंद तारा लखलखीत ताऱ्याच्या समोर आला की त्याचा बराचसा उजेड अडतो आणि आपल्याला तो तारा विझत चालल्यासारखा दिसतो. काही तासांनी पुन्हा पहिल्यासारखा. हे ग्रहण दर दोन दिवस, वीस तास, एकोणपन्नास मिनिटांनी लागतं. दुर्बीण लागत नाही, साध्या डोळ्यांनी दिसतं.

जेवताना मी हे सहज बोलले. भाऊजी हात थांबवून ऐकत होते. मग त्यांनी विचारलं, "कोन मोजते त्याले?"

हौशी लोक मोजतात, असं मी म्हणाले. कुठल्याही गावातला कुणीही.

"मंग आपन काऊन नाई मोजायचं?"

त्या हिवाळ्यापासून आम्ही मोजायला लागलो. गोंदियात मिलचा धूर आणि बाजाराचे दिवे, म्हणून भाऊजी माझ्याकडे येत. ग्रहण शनिवारी किंवा सुटीच्या संध्याकाळी पडत असेल तर ते दुपारी मिलमधून सुटून पॅसेंजरनं सालेकशाला उतरत. सोबत बाईनं दिलेला डबा. अंधार पडला की आम्ही स्लॅबवर दोन खुर्च्या टाकायचो. उत्तरेला दरेकसाच्या बाजूची जंगलाची काळी रेघ, आणि तिच्या बऱ्याच वर ययातीचे तारे, त्यांतलाच एक अल्गोल.

मोजायची रीत सोपी आहे. आजूबाजूचे काही तारे ठरलेले असतात, त्यांच्या तेजाचे आकडे नकाशावर दिलेले असतात. एकवीस, एकोणतीस, चौतीस, अडतीस. आकडा जितका मोठा तितका तारा मंद. अल्गोल कोणत्या दोन ताऱ्यांच्या मधे बसतो ते पाहायचं आणि आकडा लिहायचा. एकमेकांचं ऐकून मन बनू नये म्हणून आम्ही एक नियम केला होता. दर पंधरा मिनिटांनी दोघांनी आपापल्या चिठ्ठीवर आकडा लिहायचा, बोलायचं नाही. सगळं संपल्यावर मी दोघांच्या चिठ्ठ्या रजिस्टरमध्ये उतरवायची. आमच्यासारख्याच हौशी लोकांचा एक गट होता. त्यातले एक सर सगळ्यांचे आकडे गोळा करून आलेख काढायचे. महिनाअखेरीस मी आमची पानं त्यांना मोबाईलवर पाठवायची.

मी भाऊजींना पहिल्याच दिवशी बजावलं होतं, जे दिसलं तेच लिहायचं. अंदाजानं नाही. दिसलं नाही तर 'दिसलं नाही' असं लिहायचं. ग्रहण दर तिसऱ्या दिवशी तीन-सव्वातीन तास अलीकडे सरकतं, त्या सगळ्या वेळा त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर पेन्सिलीनं मांडून ठेवल्या होत्या, आणि माझ्यापेक्षा त्यांचेच आकडे चांगले यायचे. तांदळाच्या नजरेचा तो गुण असावा. सर एकदा फोनवर म्हणाले, तुमचे दुसरे निरीक्षक कोण आहेत, हात फार स्थिर आहे त्यांचा. मी ते भाऊजींना सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशी ते मिलमध्ये मुनीमजींना सांगून आले, हे बाईकडून कळलं.

चौथ्या की पाचव्या हिवाळ्यात त्यांचे आकडे बिघडले.

आधी थोडेच. माझा सव्वीस, त्यांचा तीस. असं होतंच. मग एका संध्याकाळी त्यांनी लागोपाठच्या तीन चिठ्ठ्यांवर एकोणतीस, छत्तीस आणि पुन्हा एकोणतीस लिहिलं. तारा असा उड्या मारत नाही. मी विचारलं तर म्हणाले, चष्म्यावर कोंड्याची धूळ बसते. त्यांनी काच पुसली. पुढच्या खेपेला नवा चष्मा करून आले. दुकानदारानं नंबर थोडा वाढलाय म्हणून सांगितलं होतं. नव्या चष्म्यानं पेपरातली बारीक अक्षरं छान दिसतात, असं सांगत होते. मिलमध्येही काही अडचण नव्हती. ताटलीतला पिवळा दाणा त्यांना आधीसारखाच दिसत होता. त्यामुळे डोळ्यांत काही असेल हे कुणाच्या मनात आलं नाही.

त्या महिन्याचे आकडे पाठवल्यावर सरांचा निरोप आला. भाषा चांगली होती. दुसऱ्या निरीक्षकांचे आकडे फार विखुरलेत, सध्या ते आलेखात घेत नाही, त्यांना थोडी विश्रांती घेऊ द्या, असं काहीतरी.

तो निरोप मी भाऊजींना दाखवला नाही. दाखवायचा म्हणून दोनदा फोन हातात घेतला होता. भाऊजी जिन्यावरून डबा घेऊन वर येत होते, बाईनं अंबाडीची भाजी दिली आहे म्हणून सांगत होते, आणि मला ते जमलं नाही. या माणसाला आयुष्यात कामाव्यतिरिक्त ही एकच गोष्ट मिळाली होती. शनिवार आला की ते सकाळपासून खुशीत असायचे, असं बाई सांगायची.

त्या रात्री चिठ्ठ्या उतरवताना मी त्यांच्या छत्तीसचा एकतीस केला.

एकच आकडा, असं मी स्वतःला म्हटलं. पुढच्या ग्रहणाला तीन बदलले. मग माझ्या लक्षात आलं की अगदी माझ्याइतकेच लिहिले तर संशय येईल, म्हणून मी त्यांचे आकडे माझ्यापेक्षा कधी एक-दोननं वर, कधी एक-दोननं खाली ठेवायला लागले. वर्गात मुलं एकमेकांचं पाहून लिहितात आणि मुद्दाम एखादी चूक करतात, ते मी वीस वर्षं पकडत आले आहे. मलाही तेच सुचलं. चिठ्ठ्या मी खाली घरमालकांच्या चुलीत टाकायची.

सरांना पुन्हा त्यांचे आकडे पसंत पडले. गटाच्या वार्षिक पत्रकात आमच्या जोडीनं दिलेल्या एका ग्रहणाचा आलेख छापून आला. गुळगुळीत उतरत जाणारी आणि तशीच चढणारी रेघ. भाऊजींनी त्याची झेरॉक्स काढून मिलमध्ये आपल्या टेबलाच्या काचेखाली ठेवली.

पुढच्या हिवाळ्यात, जानेवारीतल्या एका शनिवारी ग्रहणाचा मध्य साडेआठच्या सुमारास होता. हवा स्वच्छ होती. पावणेआठला भाऊजींनी मान इकडे केली, तिकडे केली, खुर्ची सरकवली. नियम मोडून ते बोलले. "खालचा तारा कुठं गेला?"

अडतीस आकड्याचा तो तारा जागेवरच होता. तो मंद आहे, सरळ पाहिला तर कधी कधी हरवतो, जरा बाजूला नजर ठेवली की उमटतो. ही युक्ती मला त्यांनीच शिकवली होती. मी म्हणाले, तिरकी नजर ठेवा.

"ठेवली," ते म्हणाले. "बाजूले तं काईच नाई."

मी म्हणाले, धुकं असेल. धुकं नव्हतं. मला तो तारा दिसत होता. त्या रात्री त्यांच्या सगळ्या चिठ्ठ्यांवर एकच होतं. 'दिसला नाई.' अक्षर नेहमीसारखं वळणदार. मी त्या बाजूला ठेवल्या आणि रजिस्टरमध्ये ओळीनं आकडे भरले. एकोणतीस, बत्तीस, चौतीस, चौतीस, तेहतीस.

ती रात्र मला समजायला हवी होती. मी आरोग्य खात्यातली नाही, पण शाळेत दरवर्षी मुलांची डोळे तपासणी होते, फळ्यावर काचबिंदूची माहिती मीच लिहिते. तिरकी नजर गेली म्हणजे काय, याचा विचार मी केला नाही. मी फक्त त्यांना वाईट वाटू नये याची काळजी घेतली.

मार्चमध्ये मिलमध्ये त्यांना धक्का बसला. हमाल पाठीवर पोतं घेऊन डाव्या बाजूनं येत होता, भाऊजी थेट त्याच्या अंगावर गेले आणि पडले. मनगटाला मार लागला. हमाल सांगत होता की त्यानं दोनदा आवाज दिला, सेठ, बाजू व्हा म्हणून. पंधरा दिवसांनी स्टेशनवर सामानाच्या गाडीला अडखळून पुन्हा पडले. तेव्हा बाईनं हट्ट धरला आणि आम्ही त्यांना नागपूरला डोळ्यांच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. गोंदियाच्या डॉक्टरांनी डोळ्याच्या आत पाहूनच सांगितलं होतं, इथं वेळ घालवू नका.

तिथं त्यांची नजरेच्या घेराची तपासणी झाली. अंधाऱ्या खोलीत एक अर्धगोल पांढरं भांडं असतं. त्याच्या काठावर हनुवटी टेकवायची, एक डोळा झाकायचा आणि मधल्या ठिपक्याकडे बघत राहायचं. आजूबाजूला कधी इथं, कधी तिथं उजेडाचे बारके ठिपके चमकतात. काही ठळक, काही अगदी मंद. दिसला की हातातलं बटण दाबायचं. बाई बाहेर बसली होती, मी दाराशी उभी होते. दुसऱ्या लोकांची बटणं भराभर वाजताना मी ऐकली होती. भाऊजींचं बटण खूप वेळानं वाजायचं. मग पुन्हा शांतता. आत ठिपके चमकत असणार हे मला माहीत होतं.

तपासणी करणारी मुलगी बाहेर येऊन म्हणाली, काका फार प्रामाणिक आहेत, बाकीचे लोक अंदाजानं दाबतात, यांनी एकदाही चुकीचं दाबलं नाही, मशीननं शंभर टक्के विश्वासाचं दाखवलंय. तिनं हे कौतुकानं सांगितलं. तिच्या हातातल्या कागदावर डाव्या डोळ्याचं चित्र जवळजवळ पूर्ण काळं होतं, मधे नाण्याएवढी मोकळी जागा. उजव्याचं अर्धं.

डॉक्टर पन्नाशीचे होते, घाई नसलेले. त्यांनी कागद टेबलावर ठेवून समजावलं. काचबिंदू. डोळ्याच्या आतला दाब वाढतो, नस कडेकडेनं सुकत जाते, दुखत नाही, मधलं शेवटपर्यंत दिसत राहतं म्हणून माणसाला कळत नाही. जे गेलं ते परत येत नाही. उरलेलं थेंब टाकून, गरज पडली तर ऑपरेशन करून टिकवायचं. मग त्यांनी विचारलं, "हे दीड-दोन वर्षांपासून वाढत असणार. काहीच जाणवलं नाही तुम्हाला?"

भाऊजी म्हणाले, "शंका आली होती साहेब. पन मी तारे मोजतो. तिथचे माये आकडे तं बरोबर येऊन राहिले होते. छापूनबी आले. म्हनून म्हटलं, डोळे ठीकच हाएत."

डॉक्टरांना त्यातलं किती समजलं कोण जाणे, ते लिहीत होते. बाई पदर तोंडाला लावून बसली होती. मी भाऊजींच्या खुर्चीमागे उभी होते. तिथेच सांगायला हवं होतं. मी तपासणीचा कागद घडी करून पर्समध्ये ठेवला.

आम्हाला स्टेशनवर सोडायला रिक्षा पाहते असं सांगून मी एकटी परत डॉक्टरांकडे गेले. वर्षभरापूर्वी आणलं असतं तर किती वाचलं असतं, असं विचारलं. ते म्हणाले, तसं सांगता येत नाही. मी पुन्हा विचारलं, अंदाजे तरी. त्यांनी माझ्याकडे जरा निरखून पाहिलं आणि म्हणाले, "मॅडम, याचं उत्तर कुणाकडेच नाही. आता थेंब वेळेवर पडतील एवढं बघा."

आठ दिवसांनी, रविवारी सकाळी, मी गोंदियाला गेले. भाऊजी अंगणात ऊन खात बसले होते. बाई आत भात टाकत होती. मी रजिस्टर सोबत नेलं होतं. का नेलं ते माहीत नाही, ते त्यांना वाचून दाखवायचं धैर्य माझ्यात नव्हतं. मी शेजारी बसून सगळं सांगितलं, सरांच्या पहिल्या निरोपापासून.

त्यांनी मधे एकदाही अडवलं नाही. मग विचारलं, "चिठ्ठीवर मी 'दिसला नाई' लिवलो होतो तेबी?"

"हो."

"किती डाव असं केलंस?"

मी म्हणाले, नक्की आठवत नाही. दोन हिवाळ्यांतली बरीच पानं.

"मंग चिठ्ठ्या?"

"जाळल्या."

ते बोटानं खुर्चीच्या हाताची निघालेली पट्टी दाबत राहिले. "कायले केलंस?"

"तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून."

"वाईट तं वाटलं असतं," ते म्हणाले. "वाटू द्यायचं होतं."

एवढंच. ते आवाज चढवून बोलले असते, चालती हो म्हणाले असते तर मला काहीतरी करता आलं असतं. पाया पडता आलं असतं. त्यांनी आत हाक मारून माझ्यासाठी चहा ठेवायला सांगितला. चहा आला नाही. बाई दाराच्या आत उभी होती, तिनं ऐकलं होतं. तिनं मला काहीही म्हटलं नाही, त्या दिवशी नाही आणि पुढचे तीन महिनेही नाही. मी फोन केला की ती उचलून तसाच भाऊजींच्या हातात द्यायची.

त्यानंतर मी सरांना लिहिलं. खरं काय ते सगळं लिहिलं आणि दोन हिवाळ्यांचे दुसऱ्या निरीक्षकाचे आकडे काढून टाकायची विनंती केली. त्यांनी उत्तर द्यायला बरेच दिवस लावले. ते रागावले नव्हते, दमल्यासारखे वाटले. म्हणाले, त्यांचे आकडे काढतो, पण तुमचेही काढावे लागतील. कोणती पानं खरी आणि कोणती नाही हे आता मी कसं ठरवू. माझे स्वतःचे आकडे मी बदलले नव्हते. पण ते सांगणारी मीच होते.

मिलमालकानं भाऊजींना लगेच काढलं नाही. वर्षभर त्यांना एका जागी बसवून ताटल्या त्यांच्यासमोर आणून ठेवायचे. तांदूळ त्यांना दिसायचाच. पण जायला-यायला कुणीतरी लागायचं, आणि एक दिवस आपणच ते नको म्हणून घरी बसले. डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, दाब उतरला, उरलेलं नाण्याएवढं टिकलं आहे. उजव्याचा घेर गेल्या तपासणीत आणखी थोडा कमी निघाला. थेंब एकदाही चुकलेले नाहीत, बाई सकाळी सहाला आणि संध्याकाळी सहाला मोबाईलचा गजर लावते. गजर वाजला की ती भात उकळत असला तरी तसाच ठेवून जाते.

बाई आता माझ्याशी बोलते. पहिल्यांदा बोलली ती थेंबांविषयीच. सालेकशाच्या बाजारात ते मिळतात का, असं विचारलं. मी म्हणाले, मिळत नाहीत, गोंदियातूनच घ्यावे लागतील. तिलाही हे माहीत होतं.

मी अजून हिवाळ्यात अधूनमधून स्लॅबवर जाते. अल्गोल पाहते, चिठ्ठीवर आकडा लिहिते. पण शेजारी दुसरा माणूस नसला की आपलं बरोबर की चूक ते कळायला मार्ग नसतो. पाठवत मी कुठेच नाही.

भाऊजींशी त्या सकाळनंतर हा विषय पुन्हा निघाला नाही. दिवाळीत गेले तेव्हा त्यांनी फक्त आपल्या मुलीची गोष्ट काढली. ती पुण्यात नोकरी करते, लहान मूल आहे. हा रोग घरात पुढे जातो, चाळिशीच्या आत मुलांची तपासणी करून घ्या, असं नागपूरच्या डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं. भाऊजी म्हणाले, "मी सांगून पाह्यलो, ती ऐकत नाई. तू बोलून पाह्य. तुयं ऐकते ती."

दर महिन्याला मी तिला फोन करते. ती चांगली मुलगी आहे, कधी चिडत नाही. तिला सगळं ठळक दिसतं म्हणते, मोबाईलवरची अक्षरंसुद्धा. मी म्हणते, तुझ्या बाबांनाही दिसत होती. ती म्हणते, हो मावशी, जाते, या महिन्यात ऑफिसचं फार आहे. मागच्या वेळी म्हणाली होती, बाळाची लस झाली की जाते. लस झाली. परवा केला तेव्हा तिनं उचलला नाही, आणि रात्री तिचा मेसेज आला, पुढच्या आठवड्यात नक्की.